पगाराची तारीख पुढे ढकलली जाते तेव्हा

कंपनी बुडतेय हे कर्मचाऱ्यांना सगळ्यात शेवटी कळतं, असं म्हणतात. अंधेरीतल्या एका कंपनीत अकाउंट्सला काही वर्षं काढल्यावर मला हे पटत नाही. व्हेंडरच्या शिव्या आम्हीच खात होतो, चहावाल्याची उधारी आमच्यासमोर वाढत होती. आणि वरचे साहेब टाऊनहॉलमध्ये, म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांच्या सभेत, 'आपण एक कुटुंब आहोत' म्हणत पगाराची नवी तारीख देत होते.

पहिल्यांदा तारीख हुकली तर लोक सांभाळून घेतात. दुसऱ्यांदा हुकली की भांडण होत नाही, उलट प्रश्न विचारणंच बंद होतं. हे जास्त वाईट. ज्यांना बाहेर मागणी आहे ते आधी निघतात आणि त्यांचं काम उरलेल्यांच्या गळ्यात पडतं.

किंगफिशर एअरलाइन्स आठवा. २०१२ मध्ये महिनोन्‌महिने पगार थकले, ऑक्टोबरमध्ये उड्डाणं थांबली आणि परवाना निलंबित झाला. कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेला टीडीएस, म्हणजे आयकरसुद्धा सरकारकडे भरलेला नव्हता. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीचे मालक विजय मल्ल्या यांचा साठावा वाढदिवस गोव्यात थाटात साजरा झाला. माजी कर्मचाऱ्यांची देणी तेव्हाही थकलेलीच होती. विमानाच्या धंद्यात तोटा होतो, हे माणसं समजून घेतात. पण हे कोण समजून घेईल?

म्हणून नव्याने नोकरीला लागलेल्यांनी भाषणं ऐकावीत, पण खात्री कागदावर करावी. पीएफचं पासबुक सरकारच्या उमंग अ‍ॅपवर दिसतं. कंपनीने पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पैसे भरायचे असतात. नोंद दिसायला थोडे दिवस लागतात, तेवढे सोडा. पगाराच्या स्लिपवर कपात आहे आणि पासबुकात दोन-तीन महिने काहीच नाही, तर तुमचे पैसे दुसरीकडेच वापरले जात असण्याची शक्यता आहे. लगेच लेखी विचारा. उत्तर टाळलं, तर ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) पोर्टलवर तक्रार करता येते. टीडीएस आयकराच्या पोर्टलवर तपासा; तो तिमाहीचं विवरणपत्र भरल्यानंतर दिसतो.

टीम लीडवर मात्र राग काढू नका. बहुतेक वेळा त्याचाही पगार अडकलेला असतो.

पगाराच्या स्लिपा आणि ऑफर लेटर स्वतःकडे ठेवा, ऑफिसचा मेल एका दुपारीत बंद होतो. आणि राजीनामा देताना थकलेल्या रकमेचा आकडा एचआरकडून मेलवर घ्या. 'फुल अँड फायनलमध्ये (शेवटच्या हिशेबात) बघू' एवढ्यावर निघू नका.