आशियातले राष्ट्रप्रमुख आणि शासनप्रमुख : नव्याने तयारीला लागलेल्यांसाठी

स्पर्धा परीक्षेच्या तयारीला नुकतीच सुरुवात केलेल्यांच्या वह्यांत 'देश आणि त्यांचे प्रमुख' असा एक तक्ता हमखास असतो. डावीकडे देश, उजवीकडे नाव, आणि सगळं कुठल्यातरी मासिकातून उतरवलेलं. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या अभ्यासिकांत असा तक्ता सीनियरकडून ज्युनियरकडे जातो, झेरॉक्सची झेरॉक्स निघत राहते आणि तोवर त्यातले दोन-चार जण माजी झालेले असतात. नावं शिळी होणं हा या तक्त्याचा लहान दोष. उजवीकडचा माणूस राष्ट्रप्रमुख (देशाच्या सर्वोच्च पदावरचा) आहे की शासनप्रमुख (सरकार चालवणारा), हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं, हा मोठा. विधानं देऊन फिरवलेला प्रश्न नेमका तिथेच अडकवतो.

आधी वेळेचा हिशेब. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा पूर्व परीक्षेत सामान्य अध्ययनाला १०० प्रश्न, २०० गुण आणि दोन तास. आंतरराष्ट्रीय चालू घडामोडी हा त्यातला एक तुकडा, आणि त्यात आशियातल्या नेत्यांवरचा प्रश्न आला तर आला. दोन गुणांच्या प्रश्नाचं उत्तर चुकलं तर अर्धा गुण जातो, म्हणजे चार चुका एका बरोबर उत्तराचे गुण खातात. त्यामुळे या विषयाला महिनेच्या महिने देणं हा शुद्ध वेडेपणा. रोज पाऊण तास धरला तर तीन आठवड्यांत पाया तयार होतो आणि पुढे आठवड्याला अर्धा तास दुरुस्तीला पुरतो. एक फायदा मात्र लोक विसरतात. हाच अभ्यास राज्यव्यवस्थेला मदत करतो, कारण आपल्या राष्ट्रपतींचं निर्वाचक मंडळ शेजाऱ्यांच्या मंडळाशेजारी ठेवलं की कलम ५४ आणि ५५ वेगळं घोकावं लागत नाही.

वही अशी करा. दोनशे पानी लाँग बुक घ्या, एका देशाला अर्धं पान. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी विभागणीप्रमाणे आशियात ४७ सदस्य देश येतात: मध्य आशियात ५, पूर्वेला ५, आग्नेयेला ११, दक्षिणेला ९ आणि पश्चिमेला १७. या पश्चिमेत तुर्कस्तान, सायप्रस, जॉर्जिया, आर्मेनिया आणि अझरबैजानही आहेत. रशिया मात्र पूर्व युरोपात मोजतात. पॅलेस्टाईन २०१२ पासून सदस्य नसलेलं निरीक्षक राष्ट्र आहे, तर तैवानची जागा १९७१ मध्ये बीजिंगकडे गेली. या दोघांना शेवटची पानं द्या, म्हणजे एकूण देश किती यावर अभ्यासिकेत वाद होणार नाही.

अर्ध्या पानात पाच गोष्टी पेनाने लिहायच्या: राष्ट्रप्रमुखाचं पद, त्याची निवड कोण करतं, मुदत किती, शासनप्रमुखाचं पद, आणि खरी सत्ता कुणाच्या हातात. नाव आणि शपथेची तारीख खाली, पेन्सिलने. पेनाची बाजू वर्षानुवर्षं टिकते, पेन्सिलची खोडावी लागते. नव्या पोरांचा कल उलटा असतो, कारण नाव पाठ झालं की अभ्यास झाल्यासारखं वाटतं. खुर्ची कळली नसेल तर मात्र ते नाव कुठल्या रकान्यात बसवायचं हेच कळत नाही.

सुरुवात शेजाऱ्यांपासून करा. नेपाळ २८ मे २००८ ला प्रजासत्ताक झालं. तिथला राष्ट्रपती संघीय संसद आणि प्रांतिक सभा मिळून निवडतात, मुदत पाच वर्षं, आणि कार्यकारी सत्ता पंतप्रधानाकडे. पाकिस्तानातही संसदेची दोन्ही सभागृहं आणि प्रांतिक विधानसभा मतदान करतात. बांगलादेशात राष्ट्रपती फक्त संसद सदस्य निवडतात. हे तीन देश एका पानावर समोरासमोर लिहिले की फरक डोळ्यांत भरतो. श्रीलंका वेगळी. १९७८ च्या राज्यघटनेनं तिथे कार्यकारी राष्ट्राध्यक्ष आणला. पंतप्रधान आहे, पण राष्ट्रप्रमुख आणि शासनप्रमुख या दोन्ही भूमिका राष्ट्राध्यक्षाच्या. त्याची निवड थेट जनता करते आणि मतपत्रिकेवर तीन पसंतीक्रम देता येतात. सप्टेंबर २०२४ मध्ये पहिल्या मोजणीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत, म्हणून तिथे प्रथमच पुढच्या पसंतीची मतं मोजावी लागली आणि अनुरा कुमारा दिसानायके निवडून आले. पद मध्येच रिकामं झालं तर उरलेल्या मुदतीसाठी संसद निवड करते. जुलै २०२२ मध्ये गोटाबाया राजपक्षे यांनी राजीनामा दिल्यावर रनिल विक्रमसिंघे असेच आले होते. मालदीवमध्ये पंतप्रधानपदच नाही. सार्क देशांच्या जोड्या लावताना ही बाब पहिल्यांदा चाचपायची.

भूतानचं अर्धं पान अपुरं पडेल, पूर्ण द्या. पाचवे राजे जिग्मे खेसर नामग्येल वांगचुक डिसेंबर २००६ मध्ये गादीवर आले, लिखित राज्यघटना २००८ ची. तीत राजाला ६५ व्या वर्षी पायउतार व्हायचं बंधन आहे, आणि कुणालाही दोनपेक्षा जास्त वेळा पंतप्रधान होता येत नाही. राजाच्या निवृत्तीचं वय घटनेतच लिहून ठेवलेला देश विरळाच, त्यामुळे विधानं तयार करणाऱ्याला हा मुद्दा मोहात पाडतोच.

आता मलेशिया. इथे बहुतेकांची गाडी घसरते, आणि कोल्हापूरच्या मुलांची घसरायला नको. मलेशियात १३ राज्यं आहेत, त्यांपैकी ९ राज्यांना वंशपरंपरागत राजे आहेत. हे नऊ जण आपल्यातून एकाला पाच वर्षांसाठी देशाचा राजा निवडतात. या पदाला यांग दि-पर्तुआन अगोंग म्हणतात. पेनांग, मलाक्का, सबाह आणि सारावाक या उरलेल्या चार राज्यांना राज्यपाल आहेत, त्यांना या निवडीत मत नाही. म्हणजे राजेशाही आहे आणि निवडणूकही आहे. 'राजा आजन्म असतो' हे विधान इथे चूक. ३१ जानेवारी २०२४ ला जोहोरचे सुलतान इब्राहिम सतरावे अगोंग झाले, आणि घरच्या राज्याचा कारभार पाहायला त्यांनी मुलाला, टुंकू इस्माईल यांना, रीजंट नेमलं. रीजंट म्हणजे काय हे कोल्हापुरात वेगळं समजावून सांगावं लागत नाही. चौथ्या शिवाजी महाराजांच्या काळात कागलचे जयसिंगराव घाटगे संस्थानचे रीजंट होते, हे शाहू महाराजांच्या चरित्राच्या पहिल्या काही पानांतच येतं. गादीचा धनी एक आणि कारभार पाहणारा दुसरा, हीच रचना. थायलंडमध्येही ऑक्टोबर २०१६ मध्ये राजा भूमिबोल गेल्यानंतर नवे राजे गादी स्वीकारेपर्यंत प्रेम तिन्सुलानोंदा रीजंट होते. कंबोडियाचा राजाही निवडलेला असतो, पण निवड सिंहासन परिषद करते आणि ती तहहयात असते. मलेशिया आणि कंबोडिया यांची अदलाबदल करून दिलेलं विधान वरवर वाचलं तर बरोबरच वाटतं.

आखातातल्या देशांची पानं सलग करा, नाहीतर सगळे शेख एकसारखे दिसायला लागतात. ओमानचा सुलतान स्वतःच पंतप्रधान. ब्रुनेई आखातात नाही, पण रचना तीच: हसनल बोल्किया १९६७ पासून सुलतान आहेत आणि १९८४ ला देश स्वतंत्र झाल्यापासून पंतप्रधानही तेच. सौदीतही राजाच पंतप्रधान असायचा. २७ सप्टेंबर २०२२ ला राजे सलमान यांनी ते पद युवराज मोहम्मद बिन सलमान यांना दिलं. जुन्या झेरॉक्सवर अजूनही राजाच पंतप्रधान सापडेल. बहारीनमध्ये युवराज पंतप्रधान आहेत. संयुक्त अरब अमिरातीत सात अमिरातींच्या शासकांची सर्वोच्च परिषद राष्ट्राध्यक्ष निवडते; प्रथेने तो अबुधाबीचा शासक असतो आणि पंतप्रधान दुबईचा. प्रथा आणि घटनेतली तरतूद यांतला फरक पेनाने लिहा.

लेबनॉन आणि इराक इथेही प्रथेचीच गोष्ट आहे, फक्त ती धर्म-पंथाची. लेबनॉनमध्ये १९४३ च्या समझोत्यापासून राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिश्चन, पंतप्रधान सुन्नी आणि संसदेचा सभापती शिया. इराकमध्ये २००३ नंतर रुळलेली वाटणी म्हणजे राष्ट्राध्यक्ष कुर्द, पंतप्रधान शिया, सभापती सुन्नी. लेबनॉनचं राष्ट्राध्यक्षपद ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीपासून ९ जानेवारी २०२५ पर्यंत रिकामं होतं. अशा वेळी वहीत जुनंच नाव ठेवू नका, सरळ 'रिक्त' असं लिहा.

इराणच्या पानावर सगळ्यांत मोठ्या अक्षरात लिहायचं: राष्ट्राध्यक्ष हा राष्ट्रप्रमुख नाही. राष्ट्रप्रमुख सर्वोच्च नेता, ज्याला ८८ सदस्यांची तज्ज्ञ परिषद निवडते. ही परिषद आठ वर्षांसाठी जनता निवडते. राष्ट्राध्यक्ष शासनप्रमुख, आणि पंतप्रधानपद १९८९ च्या घटनादुरुस्तीत रद्द झालं. राष्ट्राध्यक्षाचं पद रिकामं झालं तर पहिला उपाध्यक्ष सूत्रं घेतो आणि ५० दिवसांत निवडणूक घ्यावी लागते. मे २०२४ मध्ये इब्राहिम रईसी हेलिकॉप्टर अपघातात गेल्यावर हेच घडलं. तुर्कस्तानातही पंतप्रधानपद गेलं. २०१७ च्या सार्वमतानंतर, जुलै २०१८ पासून, राष्ट्राध्यक्षच शासनप्रमुख आहे. या दोघांच्या तारखा एकत्र पाठ करा.

चीन, व्हिएतनाम, लाओस आणि उत्तर कोरिया यांच्या पानावर एक जादा ओळ लागते: पक्षाचा प्रमुख. खरी सत्ता तिथे असते. चीनमध्ये २०१८ च्या दुरुस्तीनं राष्ट्राध्यक्षपदावरची सलग दोन मुदतींची मर्यादा काढली. पक्षाच्या सरचिटणीसपदाला अशी मर्यादा नव्हतीच. व्हिएतनामचं राष्ट्राध्यक्षपद २०२४ या एकाच वर्षात दोनदा नव्या माणसाकडे गेलं, त्यामुळे तिथलं नाव लिहिताना महिनाही लिहा.

मध्य आशियावर फार वेळ घालवू नका. पाचही ठिकाणी बलवान राष्ट्राध्यक्ष. तुर्कमेनिस्तानात पंतप्रधान नाही, किरगिझस्तानात मंत्रिमंडळाचा अध्यक्ष आहे. बास.

आता चुका कुठे होतात ते. सगळ्यांत जास्त घोळ काळजीवाहू, अंतरिम आणि कार्यवाह पदांचा. ८ ऑगस्ट २०२४ ला मोहम्मद युनूस यांनी ढाक्यात शपथ घेतली ती मुख्य सल्लागार म्हणून, पंतप्रधान म्हणून नव्हे. सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूत ओलींचं सरकार गेल्यावर माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की अंतरिम पंतप्रधान झाल्या. पद पंतप्रधानाचंच, म्हणून नेपाळच्या पहिल्या महिला पंतप्रधान त्याच. दक्षिण कोरियात यून सुक-योल यांच्यावर डिसेंबर २०२४ मध्ये महाभियोग आला, ४ एप्रिल २०२५ ला घटना न्यायालयानं त्यांना पदच्युत केलं आणि ४ जूनला ली जे-म्युंग आले. मधल्या काळात कार्यवाह राष्ट्राध्यक्ष एकामागून एक बदलत गेले. ती नावं पाठ करायची गरज नाही, पण ६० दिवसांत निवडणूक ही अट लक्षात ठेवा आणि इराणच्या ५० दिवसांशी गल्लत करू नका.

दुसरी चूक तारखांची. मतदान, निकाल, नियुक्ती आणि शपथ या चार वेगळ्या तारखा असतात. वहीत शपथेची तारीख ठेवा. राजांच्या बाबतीत गादीवर आल्याची तारीख घ्या, राज्याभिषेकाची कंसात. भूतानमध्ये या दोहोंत जवळपास दोन वर्षांचं अंतर आहे. जपानचे नारुहितो १ मे २०१९ पासून सम्राट आहेत, आणि जपानची घटना सम्राटाला राष्ट्राचं प्रतीक म्हणते, राष्ट्रप्रमुख म्हणत नाही. असं बारीक विधान केंद्रीय परीक्षेत येऊ शकतं.

नावांचं लेखन मराठीत प्रत्येक पेपर वेगळं करतो. शेजारी रोमन लिपीत लिहून ठेवा, कारण प्रश्नपत्रिकेतलं मराठी रूप तुमच्या वहीतल्यासारखं असेलच असं नाही. चिनी, कोरियन आणि व्हिएतनामी नावांत आडनाव आधी येतं: शी, ली, यून.

दुरुस्तीसाठी कुठे पाहायचं? करवीर नगर वाचन मंदिरात किंवा विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात रविवारी आठवड्याभराचे पेपर एकत्र चाळा आणि फक्त शपथविधी, राजीनामा, अविश्वास ठराव, निवडणूक एवढंच टिपा. मग पदाचं नाव पत्र सूचना कार्यालयाच्या प्रसिद्धीपत्रकात पडताळा. नवा नेता आला की पंतप्रधानांचा अभिनंदनाचा संदेश निघतो आणि त्यात त्या माणसाचं पद नेमकं लिहिलेलं असतं. यूट्यूबवरच्या 'टॉप ५० नेते' व्हिडिओवरून पेन्सिल उचलू नका.

पूर्व परीक्षेसाठी साधारण महिनाभर आधी वही बंद करा. प्रश्नपत्रिका आधीच तयार झालेली असते, शेवटच्या आठवड्यातला बदल तीत असण्याची शक्यता कमी. मात्र त्या काळात बदल झाला असेल तर जुनं नाव खोडू नका, दोन्ही ठेवा आणि प्रश्नातला महिना-वर्ष वाचून उत्तर द्या. मुलाखतीचं वेगळं: तिथे त्या सकाळचा पेपर वाचूनच जायचं, आणि नेपाळ, श्रीलंका, बांगलादेश, मालदीव या चार पानांवरच्या पेन्सिलच्या ओळी आदल्या रात्री पुन्हा तपासून घ्यायच्या.