हेडर बदलला, दिवा लागला: ऑक्सिजन सेन्सरच्या वायरिंगमध्ये या चुका टाळा

नवा हेडर (इंजिनमधून धूर बाहेर नेणारा पाइपांचा संच) बसतो, आवाज भारी होतो, आणि आठवडा उलटत नाही तोच चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो. मग सेन्सर गेला असं ठरतं, नवा मागवतात, तोही जुन्यासारखाच जोडतात आणि दिवा पुन्हा हजर. यवतमाळ असो, वणी असो की अचलपूर, हीच तऱ्हा. बहुतेक वेळा सेन्सर ठणठणीत असतो, बिघडलेला असतो तो जोड.

सेन्सरची वायर कापून डाग देणे

ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. हेडर लांब असतो, सेन्सर दीड-दोन फूट मागे जातो आणि वायर पुरत नाही. मग पोट्टे सेन्सरचीच वायर मधून कापतात, घरगुती वायरचे तुकडे लावतात, डाग देतात, वरून काळी टेप गुंडाळतात. "चालते नं भाऊ!" चालते, पण थोडेच दिवस.

झिर्कोनियाचा साधा सेन्सर धुरातल्या ऑक्सिजनची तुलना बाहेरच्या हवेशी करतो आणि त्यातून व्होल्टेज देतो. पेट्रोल जास्त असेल तर ०.८-०.९ व्होल्ट, कमी असेल तर ०.१-०.२, आणि मधली रेषा ०.४५. बऱ्याच सेन्सरांत ही बाहेरची हवा आत जाते ती वायरच्याच तारांमधल्या फटींतून. डाग दिला की कथील त्या फटींत भरतं आणि हवेची वाट बंद होते. आतली हवा शिळी झाली की व्होल्टेज खाली सरकतं. ईसीएमला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) वाटतं मिश्रण पातळ आहे, म्हणजे पेट्रोल कमी, म्हणून तो पेट्रोल वाढवत राहतो.

हिंगणघाटकडची एक पेट्रोल हॅचबॅक अशीच भोगत होती. सकाळी गाडी छान, तापल्यावर सुस्त, मायलेज पडलेलं, प्लग काजळीने काळे. स्कॅनर मात्र पी०१७१ हा कोड दाखवत होता, म्हणजे मिश्रण पातळ. मालकाने एकामागून एक इंजेक्टर साफ करून घेतले, फ्युएल फिल्टर बदलला, शेवटी सेन्सरही बदलला. वायरमनने नव्या सेन्सरची वायर कापून जुना जोड जसाच्या तसा उतरवला: चारही तारांना डाग, वरून गोंदवाली हीट श्रिंक स्लीव्ह, त्यावर सिलिकॉन. पक्कं काम म्हणून अभिमानाने केलेलं! ॲक्सिलरेटर झटक्यात दाबला की सिग्नल क्षणभर ०.८ च्या वर उडी मारायला हवा, तिथे तो ०.३ च्या आसपासच घुटमळत होता. प्लग काळे, म्हणजे पेट्रोल जास्त, आणि सेन्सर म्हणतो पातळ, ही विसंगती दिसली की इंजेक्टरकडे नाही, आधी जोडाकडे बघा.

सेन्सरची वायर कापायचीच नाही. त्याच मॉडेलचा भंगारातला हार्नेस (वायरिंगचा जुडगा) नागपूर-अमरावतीच्या जुन्या स्पेअरच्या दुकानांत मिळतो. त्यातले नर-मादी कपलर (वायर जोडायचे प्लग) घ्या, दोन्हींच्या मध्ये हवी तेवढी वायर टाका आणि एक्स्टेन्शन तयार करा. सेन्सरचा कपलर मूळचाच राहतो. हीटरच्या (सेन्सरला आतून तापवणाऱ्या भागाच्या) दोन तारांना १ चौरस मिलिमीटर, सिग्नल आणि त्याच्या ग्राउंडला ०.५ पुरते. सिग्नल आणि त्याचं ग्राउंड एकमेकांना पिळून न्या. टोकं क्रिम्पिंगच्या खऱ्या पकडीने दाबा, साध्या पक्कडीने चेपलेलं थिंबल सुटणारच. कपलरच्या पिनांवर ग्रीस किंवा कॉन्टॅक्ट क्लीनर नको.

वायर सिलिकॉन किंवा टेफ्लॉन इन्सुलेशनची घ्या, वर फायबरग्लासची स्लीव्ह. घरगुती पीव्हीसी वायर ७० अंशांसाठी असते. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याची हवाच ४५ च्या वर जाते, त्यात हेडरशेजारी ती वायर किती टिकेल?

रंगाला रंग जोडणे

'युनिव्हर्सल' (कपलर नसलेला, तारा आपणच जोडायचा) सेन्सर आला की ही चूक होतेच. बॉश पद्धतीत दोन पांढऱ्या हीटरच्या, काळी सिग्नलची, करडी सिग्नल ग्राउंडची. डेन्सो पद्धतीत दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नलची, पांढरी ग्राउंडची. म्हणजे काळीला काळी जोडणाऱ्याने बॉश सेन्सरच्या सिग्नलच्या तारेवर हीटरचे बारा व्होल्ट सोडले. इग्निशन चालू करताच सेन्सर खलास, आणि ईसीएमचं काय होईल ते नशिबावर. गाडीच्या हार्नेसचे रंग तर कंपनीगणिक आणखी वेगळे.

म्हणून रंगावर जाऊ नका, मोजा. सेन्सर थंड असताना हीटरच्या दोन तारांमध्ये काही ओहम दिसले पाहिजेत. प्रकारानुसार साधारण ३ ते १५. शून्य किंवा अनंत दिसलं तर हीटर गेला. सिग्नलच्या तारांवर मात्र ओहमचा मीटर लावू नका, टेस्ट लॅम्प तर मुळीच नाही. मग हार्नेसची बाजू: इग्निशन चालू असताना एका हीटर तारेवर बॅटरीचा पुरवठा, दुसरी ईसीएम जमिनीला टेकवतो. काही गाड्यांत हा पुरवठा इंजिन सुरू झाल्यावरच येतो, तेव्हा घाई करू नका. उरलेल्या दोनपैकी ग्राउंडवर जवळपास शून्य, सिग्नलवर बऱ्याच गाड्यांत ०.४५ च्या आसपास बायस, म्हणजे ईसीएमनेच दिलेलं व्होल्टेज.

सिग्नलचं ग्राउंड चेसीला जोडायचा मोह आवरा. ते ईसीएमचं वेगळं ग्राउंड असतं. अल्टरनेटर, हॉर्न, फॅन यांचा गोंधळ त्यात मिसळला की रीडिंग थरथरतं.

पाच तारांचा वाइडबँड (मिश्रणाचं नेमकं प्रमाण मोजणारा) सेन्सर असेल तर हे ०.४५ वगैरे विसरा. बॉशच्या एलएसयू ४.९ च्या कपलरमध्ये कॅलिब्रेशनचा रेझिस्टर असतो, तो कपलर कापून फेकला की सेन्सर आंधळा होतो. त्याच्या हीटरला बॅटरी थेट देऊ नका, कंट्रोलर करंट तुकड्यातुकड्याने देतो.

छोट्या चुका, मोठा खर्च

वेल्डिंगच्या आधी सेन्सर काढा आणि बॅटरी सोडा. सांगून थकायला होतं.

बॉस म्हणजे सेन्सर ज्यात बसतो तो १८ मिमी बाय दीड पिचच्या आट्यांचा नट. तो पाइपच्या वरच्या बाजूला, सेन्सर आडव्यापेक्षा निदान १० अंश वर राहील असा वेल्ड करा. खाली ठेवलात तर थंड पाइपातलं पाणी सेन्सरवर बसतं आणि तापलेली सिरॅमिक तडकते. जागा सगळे पाइप मिळतात तिथे, पण फार मागेही नको; सेन्सरला काम करायला ३०० अंशांच्या वर तापमान लागतं.

गळती आधी शोधा. हेडरच्या गॅस्केटमधून बाहेरची हवा आत ओढली गेली की तिचा ऑक्सिजन सेन्सरला दिसतो, आणि पुन्हा तेच पी०१७१. इंजिन थंड असताना सायलेन्सरच्या तोंडाला कापड धरा, जोडांवर साबणाचं पाणी मारा, बुडबुडे बघा. सिलिकॉन लावायचंच तर सेन्सर-सेफ, साध्याच्या वाफेने सेन्सर विषारतो.

अँटी-सीज (आटे जाम होऊ न देणारा लेप) फक्त आट्यांवर, टोकावर नाही. नव्या सेन्सरच्या आट्यांवर बहुधा ते लावलेलंच येतं. आवळायचा ताण (टॉर्क) ४० ते ६० न्यूटन-मीटर.

पुढचा-मागचा सेन्सर ओळखा: पुढचा कॅटच्या (धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) आधी, मागचा नंतर. कपलर सारखे असतात आणि अदलाबदल झाली तर गाडी बावळटासारखी चालते. पी०१३५ हा कोड पुढच्याच्या हीटरचा, पी०१४१ मागच्याच्या.

आता 'कॅट काढला, मागच्या सेन्सरला फसवायचा रेझिस्टर कुठे लावू' हा प्रश्न. कुठेच नाही. कॅट चालू असताना मागच्या सेन्सरचं व्होल्टेज ०.६-०.७ वर जवळपास स्थिर राहतं. कॅट नसला की ते पुढच्यासारखं नाचतं आणि पी०४२० (कॅट नीट काम करत नाही) येतो. दिव्याचा त्यात काय दोष? प्रदूषणाचे निकष मोडणारी गाडी रस्त्यावर चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) खाली पहिल्या गुन्ह्यालाच १० हजारांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद आहे. कॅट परत बसवा.

शेवटी वायरची वाट. गरम पाइपापासून चार बोटं तरी अंतर, खालून लोंबकळ नको. कपाशीच्या हंगामात शेतातल्या गाडवाटेची काळी माती कपलरमध्ये भरते, आणि गोदामात उभ्या गाडीत उंदीर वायर कुरतडतात. कपलर बॉडीला क्लिपने बांधा, तोंड खाली करून. मग गाडी थंड सुरू करा, फॅन चालू होईपर्यंत तापू द्या, आणि २५०० आरपीएमवर सिग्नल दर काही सेकंदांत ०.१ ते ०.९ मध्ये झोके घेतो का ते पाहा. घेत असेल तर कोड पुसा. त्याआधी पुसणं म्हणजे फक्त दिवा विझवणं.