खासगी बस सार्वजनिक सेवेत घेताना या चुका टाळा

गोव्यात 1980 मध्ये राज्य सरकारचे कदंब परिवहन महामंडळ आले. त्याआधीपासून खासगी बसमालक गावोगाव गाड्या चालवत आले आहेत आणि आजही मोठा भार तेच उचलतात. त्यांना वगळून इथे वाहतूक चालणार नाही. मात्र त्यांच्याशी करार करताना ठरावीक चुका होतात आणि भोगतो प्रवासी.

सगळ्यात महागात पडते ते मालकाची कमाई तिकिटावर अवलंबून ठेवणे. म्हापसा स्टँडवर पाहा. सुटायची वेळ झालेली असते, इंजीन चालू, कंडक्टर पायरीवर उभा राहून ‘पणजी, पणजी’ ओरडतोय. ड्रायव्हर गाडी वीतभर पुढे घेतो आणि पुन्हा थांबतो. मागच्याने हॉर्न मारला की सुटतो, मग पर्वरीपर्यंत शर्यत. नुसत्या दंडाने हे थांबत नाही, कारण जितके प्रवासी तितकी कमाई हे गणित तसेच राहते. दिल्लीतल्या ब्ल्यूलाईन गाड्यांनी याच गणितापायी अनेकांचे जीव घेतले आणि शेवटी त्या बंद कराव्या लागल्या.

म्हणून मालकाला किलोमीटरमागे पैसे द्या, तिकिटाची रक्कम महामंडळाकडे जाऊ द्या. लंडनमध्ये बस खासगी कंपन्या चालवतात, पण मार्ग, वेळा आणि भाडे सार्वजनिक संस्था ठरवते. खासगी गाड्या कदंबच्या सेवेत घेणाऱ्या आपल्या ‘म्हजी बस’ योजनेची दिशाही हीच आहे, आणि ती योग्य आहे.

पण नुसते किलोमीटर मोजले तर रिकामी गाडी पळवूनही बिल निघते. गाळलेली फेरी, न घेतलेला थांबा यांची कपात जीपीएसच्या नोंदीवरून व्हावी, आणि ती करारातच लिहिलेली असावी. रात्रीची शेवटची फेरी गाळली तर जड दंड लावा. ती गाडी सुटलीच नाही, तर पणजीत दुकानात काम करून वाळपईला परतणाऱ्या बाईने जायचे कसे?

बिले थकवणे ही सरकारी बाजूची चूक. मालकाच्या डोक्यावर बँकेचा हप्ता, डिझेल, पगार. पैसे अडकले की आधी देखभाल राहते, मग पगार. पगारावरून गाड्या थांबल्या की काय होते ते मुंबईत दिसले: ऑगस्ट 2023 मध्ये बेस्टच्या भाडेतत्त्वावरील गाड्यांचे कामगार पगारवाढीसाठी संपावर गेले, तेव्हा प्रवासी थांब्यांवर ताटकळले. केंद्राने 2024 मध्ये ई-बससाठी 3,435 कोटींची पैसे-हमी योजना मंजूर केली, ती बिले थकण्याच्या भीतीपोटीच. इथेही बिलांसाठी वेगळे खाते ठेवा आणि डिझेल महागले की दर आपोआप वाढेल असे सूत्र घाला.

एक-दोन गाड्यांच्या मालकाला मोठ्या निविदेत जागा नसते. त्यांना सहकारी संस्था करून एकत्र बोली लावू द्या. आणि मार्ग योजनेत घ्यायचा तर त्यावरचे सगळे मालक एकाच दिवशी घ्या. अर्धे बाहेर राहिले तर ते योजनेतल्या गाडीच्या पाच मिनिटे आधी सुटून प्रवासी उचलतील आणि तोटा कदंबच्या खात्यात दिसेल.