टेन्शनला हात लावण्याआधी फूट बघा: क्विल्टिंगच्या अटॅचमेंट वापरताना या चुका टाळा

क्विल्टचे तीन थर, म्हणजे वरचं कापड, मधला भरावाचा थर (बॅटिंग) आणि अस्तर, एकत्र शिवताना वरचं कापड शेवटी जास्त उरतं, उलटून बघावं तर अस्तराला चुण्या पडलेल्या असतात, आणि हात आपसूक दोऱ्याचा ताण ठरवणाऱ्या टेन्शनच्या चकतीकडे जातो. कृपा करून तिथे थांबा. दोष फुटात, म्हणजे सुईपाशी कापड दाबून धरणाऱ्या भागात, असेल तर टेन्शन फिरवून तो जात नाही, उलट एकाचे दोन दोष होतात. आधी फूट सोडवा, साफ करा, पुन्हा बसवा आणि त्याच तीन थरांच्या चिंधीवर वीतभर टीप मारून बघा. टेन्शनची वेळ त्यानंतर.

सगळ्यात जास्त चुका होतात वॉकिंग फूट बसवताना. या फुटाला स्वतःचे वरचे दात असतात आणि ते मशीनच्या खालच्या दातांबरोबर कापड पुढे नेतात. ते हलतात बाजूच्या दांडीमुळे. ही दांडी सुई आवळायच्या स्क्रूवर बसायला हवी. काही फुटांत तिचं टोक दुभंगलेलं असतं, ते स्क्रूच्या दोन्ही बाजूंनी बसतं. मी पहिल्यांदा फूट लावला तेव्हा दांडी स्क्रूच्या खाली राहिली होती. वरचे दात हललेच नाहीत, आणि क्विल्टची एक अख्खी बाजू उसवताना संध्याकाळ गेली. तेव्हापासून मोटर सुरू करण्याआधी हातचाक स्वतःकडे दोन फेरे फिरवते. सुई वर जाताना दांडीही वर जायला हवी आणि वरचे दात हलताना दिसायला हवेत. तसं दिसलं नाही तर शिवू नका.

फूट धरणारा मोठा स्क्रू नुसत्या बोटांनी आवळून भागत नाही, स्क्रूड्रायव्हर घ्या. वॉकिंग फूट जड असतो आणि हादऱ्यांनी स्क्रू सैल होतो. मग फूट तिरका होतो आणि सुई धातूवर आपटून तुटते. दर वेळी बॉबिन बदलताना स्क्रूही तपासायचा, एवढी सवय लावून घ्या. वेग मध्यम ठेवा. बहुतेक वॉकिंग फूट पुढे जाण्यासाठीच बनवलेले असतात, म्हणून टीप पक्की करायला रिव्हर्स मारण्याऐवजी सुरुवातीला आणि शेवटी चारपाच अगदी बारीक टाके घ्या. मधे टाका 2.5 ते 3 मिमी ठेवा, जाड थरांत त्याहून बारीक टाका कापडात बुडून जातो. मशीनला फुटाचा दाब कमी करायची सोय असेल तर जाड बॅटिंगसाठी तो थोडा कमी करा.

नवा फूट बसतच नसेल, तर तो बहुधा तुमच्या मशीनच्या शँकचा, म्हणजे फूट ज्या दांड्यावर बसतो त्याच्या उंचीचा, नाही. फूट खाली टेकवून तळापासून स्क्रूच्या मध्यापर्यंत मोजा. साधारण पाऊण इंच भरलं तर लो शँक, सव्वा इंच भरलं तर हाय शँक. ठोकून बसवण्याचा प्रयत्न करू नका.

फ्री मोशनचं, म्हणजे कापड हाताने हवं तसं फिरवत शिवण्याचं, गणित वेगळं. इथे खालचे दात उतरवायचे किंवा झाकायचे, आणि टाक्याची लांबी हाताच्या गतीवर आणि मशीनच्या वेगावर ठरते. त्यासाठी लावायचा डार्निंग फूट कापडावर घट्ट दबत नाही, त्यामुळे फूट वरखाली करायचा लीव्हर खाली करायचं राहून गेलं तरी लक्षात येत नाही. लीव्हर वर असला की टेन्शनच्या चकत्या उघड्याच राहतात आणि खाली दोऱ्याचं घरटं तयार होतं. दोरा ओवताना मात्र उलटं: तेव्हा लीव्हर वर हवा, म्हणजे दोरा चकत्यांच्या मधे नीट बसतो. सरळ रेषेत टाके छान आणि वळणावर मागे दोऱ्याचे छोटे फास, असं होत असेल तर वळताना हात मशीनपेक्षा जास्त धावतोय. हात सावकाश करून बघा. तरीही फास राहिले, तर आता खुशाल वरचं टेन्शन थोडं वाढवा.

पट्टी धरून आकार शिवायचे असतील तर जाड कडेचा रूलर फूटच लावा. पातळ डार्निंग फुटावर पट्टी चढते, सुईखाली येते, आणि तुटलेला तुकडा डोळ्याकडे उडू शकतो. यात चालढकल नको.

कडेपासून पाव इंचावर शिवण घालणाऱ्या पाव इंचाच्या फुटावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. कापडाच्या दीड इंच रुंदीच्या 3 पट्ट्या जोडा, इस्त्री करा, मोजा. एकूण साडेतीन इंच आणि मधली पट्टी बरोब्बर एक इंच भरायला हवी. कमी भरली तर शिवण रुंद जातेय, सुई केसभर उजवीकडे सरकवा. सुईखाली एकाच बारीक भोकाची प्लेट लावली असेल तर मात्र सुई सरकवणं आणि झिगझॅग दोन्ही चुकूनही नको.

साफसफाई हा मात्र कंटाळून सोडून द्यायचा भाग नाही. बॅटिंगचे तंतू वॉकिंग फुटाच्या दातांत, प्लेटखाली आणि बॉबिन केसमध्ये जमून घट्ट थर होतो, आणि मग टाके सुटतात. ब्रशने ते बाहेर ओढा. फुंकर किंवा दाबाची हवा मारली तर तेच तंतू अजून आत जातात. थर चिकटवायचा स्प्रे वापरत असाल तर सुई आणि फुटाचा तळ अधूनमधून अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा. तेल शिलाई मशीनचंच, आणि फक्त मशीनच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागी थेंबभर. त्यानंतर चिंधीवर शिवून जास्तीचं तेल टिपून घ्या.

सुई साधारण 8 तास शिवल्यावर बदला. क्विल्टिंगची 75/11 किंवा जाड थरांसाठी 90/14 चालते. टक टक आवाज येऊ लागला तर 8 तासांची वाट पाहू नका. ओळींमधलं अंतर सारखं ठेवणारा गाईड बार मात्र प्रत्येक ओळीनंतर पट्टीने मोजा, कारण तो हळूहळू सरकतो आणि चूक कळते ती थेट पाचव्यासहाव्या ओळीला.