फुलाची उलटी बाजू बघा

जुलै लागला की माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर रानफुलं फुलतात. "ताई, हे कुठलं?" म्हणून आलेले फोटो बहुतेक एकाच साच्यातले: फूल समोरून, अगदी जवळून, मागचं सगळं धूसर. स्टेटसला ठेवायला झकास, पण नाव सांगायचं कशावरून? मी वागळे इस्टेटजवळ ब्लाउज शिवते. कपडा हातात आला की आधी उलटा करून शिवण बघते. फुलाचंही तसंच करा.

पहिला फोटो अख्ख्या झाडाचा, जमिनीपासून शेंड्यापर्यंत. ते कातळावर आहे, गवतात आहे की झाडाच्या सावलीत, हेही त्यात यावं. मग फूल समोरून एकदा, बाजूने एकदा आणि खालून एकदा. खालचा फोटो सगळे टाळतात, कारण त्यासाठी चिखलात बसावं लागतं. बसा. कवल्याच्या पिवळ्या फुलाखालच्या हिरव्या निदलांवर केस आहेत का, कसे आहेत, हे तिथूनच दिसतं. सीतेची आसवे ही फुलं तर इवलीशी. त्यांच्या मागची शेपटी किती लांब आणि कुठे वळलेली, ते बाजूच्या फोटोशिवाय कळायचं नाही.

आता पानं. माझ्या मते निम्मी ओळख इथेच होते, आणि लोक नेमकी इथेच कंजुषी करतात. पान देठाशी, म्हणजे खोडाला चिकटतं तिथे टिपा: समोरासमोर जोडी आहे की एकाआड एक? ठाण्याजवळच्या येऊरला पावसाळ्यात दिसणारा नेहमीचा तेरडा एकाआड एक पानांचा. त्याच्यासारखीच गुलाबी फुलं, पण पानं समोरासमोर, असे दुसरे तेरडेही सह्याद्रीत आहेत. नाणेघाटातली सोनकी आणि रस्त्याकडेचा पिवळा कॉसमॉस लांबून दोन्ही पिवळेच. पण सोनकीचं पान अखंड, कडेला दातेरी आणि एकाआड एक, तर कॉसमॉसचं चिरत गेलेलं, समोरासमोर. पान हळूच उलटून खालची लवही घ्या. शेंग किंवा बोंड धरलं असेल तर तेही सोडू नका.

माझ्या पिशवीत काळ्या अस्तराचा वीतभर तुकडा असतो. फुलामागे धरला की फोन मागच्या गवतावर फोकस करत बसत नाही आणि बारीक केसही उठून दिसतात. पांढऱ्या फुलाला तर काळंच हवं. टेपचं टोक फुलाशेजारी धरून एक फोटो घ्यायचा, सेंटिमीटरची बाजू वर. नुसतं बोट ठेवलंत तर तुमचं बोट केवढं, ते आम्हाला काय ठाऊक?

ऊन कडक असेल तर पिवळा रंग करपून जातो. छत्रीची सावली करा, स्क्रीनवर फुलाला टॅप करून उजेड थोडा कमी करा. पण छत्री रंगीत नको, तिची झाक पाकळीवर उतरते. जांभळं आणि निळं फोन हमखास चुकवतो, म्हणून खरा रंग लिहून ठेवा. वासही लिहा, आणि चीकही. वायटीच्या, म्हणजे कारवीच्या भावकीतल्या झुडपाच्या, बोंडांचा चिकटपणा कुठल्या फोटोत येणार?

सगळे फोटो एकाच झाडाचे हवेत. शेजारचं झाड तसंच दिसतं म्हणून पान त्याचं घेतलंत तर सगळीच भेसळ. दुसऱ्या झाडाकडे वळताना मी मध्ये आपल्या तळहाताचा एक फोटो काढते. घरी आल्यावर कुठून काय सुरू झालं ते लगेच कळतं.

तोडायचं मात्र काही नाही. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, आणि फुलाचा पंचनामा करायला ते झाडावरच असलेलं बरं.

आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या अ‍ॅपवर टाकताना एका झाडाचे सगळे फोटो एकाच नोंदीत घाला, तारीख आणि जागेसकट. अ‍ॅप झटकन एक नाव सुचवतं. त्याने कुठल्या खुणेवरून ते म्हटलं असेल, ती खूण आपल्या फोटोत शोधा. सापडली नाही तर नोंद वंशापर्यंतच (जीनस) ठेवा. आमरी म्हणजे ऑर्किड असेल तर नेमकी जागा लपवा. चोरून उपटून नेणारेही अ‍ॅपवरचे नकाशे बघतात.