अंगणवाडीच्या आहाराचा प्रश्न आमदारांमार्फत विधिमंडळात कसा न्यावा

अंगणवाडीत आहाराची पाकिटे दोन-दोन महिने येत नसतील, तर आमदारांना भेटावे असे महिला मंडळांना वाटते आणि ते योग्यच आहे. मात्र ‘आपण लक्ष घालावे ही विनंती’ एवढ्यावर भेट संपली, तर हाती फक्त फोटो उरतो. विधिमंडळात विचारलेल्या प्रश्नाला खात्याला लेखी उत्तर द्यावे लागते, आणि म्हणून आमदारांना द्यायचे निवेदन त्या प्रश्नाचा कच्चा मसुदा म्हणूनच लिहावे.

आधी तक्रार कोणत्या पातळीची आहे ते ठरवावे. एखाद्या अंगणवाडीतील अनियमितता पर्यवेक्षिका आणि बालविकास प्रकल्प अधिकारी यांच्या स्तरावर मिटू शकते. वजनकाटा किंवा पाण्याची टाकी हवी असल्यास ग्रामसभेपूर्वीच्या महिला सभेत ठराव घ्यावा, कारण ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करणे अपेक्षित आहे. अनेक गावांचा पुरवठा एकाच वेळी थांबला असेल किंवा पदेच रिक्त असतील, तर तो विषय आमदारांचा. त्यांच्या स्थानिक विकास निधीतून मात्र आहार मागू नये; तो निधी इमारत, शौचालय अशा कायमस्वरूपी कामांसाठी असतो.

पुरावा वहीत हवा. आमच्या मंडळाची वही साधी शंभर पानी आहे: महिना, आलेली पाकिटे, वाटपाची तारीख, पाकिटावरील उत्पादनाची तारीख आणि घेणाऱ्या आईची सही. ज्या महिन्यात काही आले नाही, त्या महिन्याचा रकाना कोरा न सोडता तेथे ‘शून्य’ लिहावे. शेजारी कायद्याचे माप ठेवावे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ नुसार सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या बालकाला दिवसाला ५०० किलोकॅलरी व १२ ते १५ ग्रॅम प्रथिने, कुपोषित बालकाला ८०० किलोकॅलरी व २० ते २५ ग्रॅम प्रथिने, तर गर्भवती व स्तनदा मातेला ६०० किलोकॅलरी व १८ ते २० ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत असे मूळ माप होते; २०२३ मध्ये ही मापे सुधारण्यात आली, म्हणून चालू माप पाहूनच लिहावे. दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी असलेली (म्हणजे अतितीव्र कुपोषित) बालके किती, हा आकडा द्यावा, पण मुलांची नावे देऊ नयेत. सेविकेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची घाईही नको. पुरवठा तिच्या हातात नसतो आणि नोंदी बहुधा तिच्याकडेच चांगल्या असतात.

आमच्या पहिल्या निवेदनात ‘तालुक्यातील बालके उपाशी आहेत’ असे एक भारदस्त वाक्य होते. प्रश्न सभागृहाच्या यादीत लागला आणि उत्तर आले: ‘हे खरे नाही.’ पुढच्या सर्व उपप्रश्नांसमोर ‘प्रश्न उद्भवत नाही.’ दोष आमच्या वाक्याचाच होता, कारण ते नाकारणे फार सोपे होते.

तारांकित प्रश्नाची (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) ठरलेली घडण आहे आणि निवेदन तिच्यातच बसवलेले बरे. अमुक तालुक्यातील इतक्या अंगणवाड्यांना अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंत घरपोच आहार मिळाला नाही, हे खरे आहे काय. असल्यास, त्यामुळे किती लाभार्थी वंचित राहिले. उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय. असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? पहिल्या उपप्रश्नात तारखा आणि आकडे जितके पक्के, तितकी ‘हे अंशतः खरे आहे’ या आडोशाची जागा कमी होते. आहार पुरवला गेला नसेल तर अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ८ नुसार अन्न सुरक्षा भत्ता देय होतो. तो दिला काय, हा उपप्रश्न आम्ही आता कधीच विसरत नाही.

प्रश्नांच्या सूचना अधिवेशनाच्या कित्येक आठवडे आधी द्याव्या लागतात. डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनासाठी दिवाळीपूर्वीच भेट घ्यावी आणि एक प्रत स्वीय सहाय्यकांच्या हातात द्यावी, कारण मसुदा पुष्कळदा तेच तयार करतात. स्थानिक आमदार मंत्री असतील तर ते सभागृहात प्रश्न विचारत नाहीत. अशा वेळी शेजारच्या मतदारसंघाचे आमदार किंवा विधान परिषदेचे सदस्य गाठावेत. विषय तातडीचा असल्यास लक्षवेधी सूचना (मंत्र्यांचे लक्ष वेधून त्यांच्याकडून निवेदन मागण्याची सूचना) मागावी, आणि मार्चच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात महिला व बालविकास विभागाच्या खर्चाच्या मागण्यांवरील चर्चेत तो मांडण्याची विनंती करावी.

मंत्र्यांनी सभागृहात ‘तीन महिन्यांत कार्यवाही करू’ असे म्हटले, तर ते शब्द तारखेसह वहीत उतरवावेत; अशा आश्वासनांचा पाठपुरावा करण्यासाठी विधिमंडळाची आश्वासन समिती असते, आणि आमदारांना पुढच्या भेटीत तिची आठवण करून देता येते. छापील उत्तराची एक प्रत पर्यवेक्षिकेलाही द्यावी, कारण पुढच्या अधिवेशनात हाच प्रश्न पुन्हा लागला, तर खाते माहिती तिच्याकडूनच मागवते.