मोनोत स्नेअर पातळ होत होता, तो असा भरला

रेकॉर्ड केलेले ड्रम्स स्टिरिओत (डावा-उजवा आवाज वेगळा) झकास वाजायचे, पण मोनोचं (दोन्ही मिसळून एकच आवाज) बटण दाबलं की स्नेअरमधला, म्हणजे खाली तारा असलेल्या कडक आवाजाच्या ड्रममधला, जीवच जायचा. ड्रम्सच्या वर लावलेल्या दोन ओव्हरहेड माइकपर्यंत त्याचा आवाज मागेपुढे पोहोचत होता. अंतरात ३४ सेंटीमीटरचा फरक म्हणजे साधारण १ मिलिसेकंद उशीर. मोनोत दोन्ही मिसळले की ५०० हर्ट्झच्या आसपासचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतो. स्नेअरच्या आवाजाचा एक भाग नेमका तिथेच!

मग एक केबल घेतली, टोक स्नेअरच्या मधोमध धरलं आणि दोन्ही माइक तेवढ्याच लांबीवर आणले. फरक लगेच कळला.

किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), स्नेअर, टॉम्स (बाकीचे छोटे-मोठे ड्रम) यांचे जवळचे माइक मात्र मोनो ट्रॅकवरच घेतो. एका माइकला स्टिरिओ ट्रॅक दिला तर तोच आवाज दोनदा साठतो, रुंदी काडीचीही वाढत नाही. टॉम्स डावीउजवीकडे नंतर पॅन करता येतात, म्हणजे त्यांचा आवाज हव्या त्या बाजूला सरकवता येतो.